चार बोटांचे अंतर

आदल्या संध्याकाळी गौरींबरोबर आमच्या घरच्या गणपतीचेही विसर्जन झाले होते. ओंकारेश्वराजवळ महापालिकेने ठेवलेल्या हौदात मूर्ती सोडली, आणि हौदात वाळू कुठली मिळणार, म्हणून आईच्या समाधानासाठी काठावरची चिमूटभर माती पाटावर घेऊन आम्ही परतलो. त्यामुळे २४ सप्टेंबर २०२३ च्या रविवारी सकाळी नारायण पेठेतल्या आमच्या घरात उरले होते ते रिकामे मखर, डब्यातले थोडे मोदक, आणि मुक्कामाला राहिलेली ताई व तिचा दहा वर्षांचा मुलगा. रस्त्यावरचे ढोल अजून उठले नव्हते. हांगचौच्या आशियाई खेळांतील नौकानयनाच्या अंतिम शर्यती त्या सकाळी होत्या, आणि त्या पाहायच्या म्हणून मी अलार्म लावून उठलो होतो. क्रिकेटखेरीज कशासाठी मी अलार्म लावलेला भाच्याने कधी पाहिले नव्हते. केवळ त्या कुतूहलापोटी तो माझ्याशेजारी येऊन बसला.

नौकानयन हा शब्द मी वर वापरला खरा, पण तो मला कधीच पटलेला नाही. आपली वर्तमानपत्रे शिडाच्या होड्यांच्या शर्यतीलाही नौकानयन म्हणतात आणि वल्ह्यांच्या शर्यतीलाही. एका खेळात माणूस वाऱ्याशी वाटाघाटी करतो आणि दुसऱ्यात स्वतःच्या फुप्फुसांशी, तरी दोघांची बातमी एकाच मथळ्याखाली. बोट क्लबावरची मुले याला सरळ ‘रोइंग’ म्हणतात, आणि यापुढे मीही तेच म्हणणार आहे.

स्पर्धेचे नाव २०२२ चे आणि शर्यती २०२३ मध्ये, हे भाच्याला समजावून सांगेपर्यंत पहिले पदक येऊन गेलेही. कमी वजनाच्या गटातील डबल स्कल्समध्ये, म्हणजे दोघांनी प्रत्येकी दोन वल्ही मारण्याच्या शर्यतीत, अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग यांनी ६ मिनिटे २८.१८ सेकंदांत रौप्य मिळवले. याच जोडीने टोकियो ऑलिंपिकमध्ये अकरावा क्रमांक मिळवला होता. त्यानंतर बाबूलाल यादव आणि लेखराम यांना जोडीच्या, म्हणजे प्रत्येकी एकाच वल्ह्याच्या, शर्यतीत कांस्य मिळाले. मी मात्र ज्या शर्यतीसाठी उठलो होतो ती पुढे होती. ती म्हणजे आठ वल्हेकरी आणि एक कॉक्स असलेली ‘एट’. सुमारे सतरा-अठरा मीटर लांबीची ही बोट इतकी अरुंद असते, की वल्ही पाण्यावर आडवी नसती तर ती एका जागी सरळ उभीही राहिली नसती. नियमाने तिचे वजन किमान ९६ किलो लागते, आणि तिच्यात बसलेल्या माणसांचे वजन त्याच्या सातपट भरते. म्हणजे माणसे बोटीत बसतात म्हणण्यापेक्षा त्यांनी ती अंगाला गुंडाळली आहे, असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

“मामा, आठ जण मरमर वल्हवतायत आणि हा एकटा नुसता ओरडतोय. हा कोण?”

“तो कॉक्स.”

“म्हणजे सर?”

“सर कसला! त्यांच्यातलाच एक.”

“मग त्याच्याकडे वल्हं का नाही?”

मी उत्तर देण्याआधीच स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, “अरे, तुझा मामा कॉलेजात असताना हेच करायचा. ओरडायचा आणि घरी यायचा.”

हे खरे आहे. मुळा-मुठेच्या संगमापासून फार लांब नसलेल्या एका बोट क्लबात मी तीन वर्षे कॉक्स होतो. मी वल्हवायला शिकावे या इच्छेने तिथे गेलो होतो. माझी उंची आणि माझे दंड पाहून तिथल्या बोटमनने मला न विचारता बोटीच्या मागच्या टोकाला बसवले. कॉक्सच्या हाती दोन दोऱ्या असतात, एक डाव्या मुठीत आणि एक उजव्या. त्या मागे सुकाणूला जोडलेल्या असतात. आमच्या लाकडी बोटीतल्या दोऱ्या सुती होत्या आणि नदीच्या पाण्याने त्यांना एक चिवट काळपटपणा आला होता. रविवारी सरावाहून आल्यावर जेवताना हातांना तो वास यायचा आणि आई मला दुसऱ्यांदा हात धुवायला पाठवायची. कॉक्सचे वजन ५५ किलोपेक्षा कमी असेल, तर तेवढी भर म्हणून जड काहीतरी बोटीत ठेवावे लागते, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. मी तेव्हा ५१ किलोंचा होतो. बोटमनने वाळूची एक पिशवी शिवून घेतली होती आणि क्लबात सगळे तिला माझे आडनाव लावून हाक मारीत.

या खेळात कॉक्सची गंमत अशी, की त्याला शर्यत जिंकून देता येत नाही, घालवता मात्र येते. वल्हेकरी पाठमोरे बसलेले असतात आणि त्यांना पुढचे दिसत नाही. पुढचे दिसणारा बोटीत एकटा कॉक्सच असतो. परंतु त्याने सुकाणू फिरवले, की सुकाणूचे पाते पाण्याला आडवे जाते आणि बोटीला ब्रेक लागतो. म्हणून चांगला कॉक्स दोरी ओढतो ती वल्ही पाण्यात असतानाच, कारण त्या वेळी बोट स्थिर असते. आणि ओढतो तीही इतकी थोडी, की काठावरच्याला कळू नये. बाकी वेळ त्याने हात गप्प ठेवायचे आणि तोंड चालू.

माझ्या तिसऱ्या वर्षीच्या एका शर्यतीत आम्ही पुढे होतो. बोट चार वल्ह्यांची होती आणि अंतर फार नव्हते. अर्ध्यात जलपर्णीचा एक गठ्ठा तरंगत आमच्या बाजूला सरकताना मला दिसला. मुळा-मुठेवर ज्यांनी वल्हे मारले आहे त्यांना हा गठ्ठा काय चीज आहे ते सांगायला नको. वर हिरवी टवटवीत पाने आणि खाली वल्ह्याला विळखा घालणारी मुळे. तो आम्हाला लागला नसता. आज मला हे ठामपणे सांगता येते, कारण त्यानंतर मी तो डोळ्यांसमोर शेकडो वेळा आणून पाहिला आहे. त्या क्षणी मात्र मी उजवी दोरी छातीपर्यंत ओढली, मग बोट तिरकी झाली म्हणून डावी ओढली, आणि तीही वल्ही हवेत असताना. बोट डुलली. एका वल्ह्याचे पाते पाण्याला नुसते चाटून गेले. माझ्यासमोर हातभर अंतरावर बसलेल्या स्ट्रोकने, म्हणजे ज्याच्या लयीवर बाकीचे वल्हवतात त्याने, माझ्याकडे पाहिले. कॉक्स आणि स्ट्रोक यांना शर्यतभर एकमेकांच्या डोळ्यांत पाहावेच लागते, ती बसण्याची रचनाच तशी आहे. त्या नजरेत राग नव्हता. आपली एसटी सुटताना पाहणाऱ्या माणसाचा चेहरा असतो, तसा तो चेहरा होता.

आम्ही हरलो. किती अंतराने, ते कोणी मोजले नाही. बोट खांद्यावर घेऊन शेडमध्ये ठेवताना स्ट्रोक एवढेच म्हणाला, “दोरी जरा जास्त ओढलीस.” जिंकलेल्या बोटीच्या कॉक्सला त्याचे सोबती पाण्यात फेकतात अशी या खेळाची जुनी रीत आहे. नदीच्या पाण्याची अवस्था पाहता कोरडे राहण्यात माझा फायदाच होता, असा विनोद मी नंतर बऱ्याच मैफलींत केला आहे.

हे सगळे मी भाच्याला अर्थातच सांगितले नाही. शर्यत सुरू झाली होती. नीरज, नरेश कलवानिया, नीतीश कुमार, चरणजीत सिंग, जसविंदर सिंग, भीम सिंग, पुनीत कुमार आणि आशिष हे आठ, आणि धनंजय उत्तम पांडे हा कॉक्स. आता कॉक्सच्या डोक्याला माइक असतो आणि बोटीत लहान लहान स्पीकर बसवलेले असतात. आमच्या वेळी घसा होता. दूरचित्रवाणीवर वरून घेतलेल्या चित्रात आठ वल्ही एकदम पाण्यात शिरताना आणि एकदम बाहेर येताना दिसत होती, आणि प्रत्येक वेळी मागे पाण्यावर आठ गोल वळसे सोडून बोट पुढे जात होती. भाचा त्या वळशांकडेच पाहत होता. जाणकारही तेच पाहतात, कारण पुढच्या खेपेची वल्ही मागच्या वळशांपासून किती लांब पडतात, त्यावरून बोट किती धावते आहे ते कळते.

या ठिकाणी एक गोष्ट सांगितल्यावाचून मला राहवत नाही, कारण ती पहिल्यांदा ऐकल्यावर कोणाचाच विश्वास बसत नाही. वल्ही पाण्यात असताना बोटीचा वेग सर्वाधिक असेल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो सर्वाधिक असतो वल्ही हवेत असताना. वल्हेकऱ्यांची बैठक चाकांवर सरकणारी असते. एक ओढ संपवून ते पुढच्या ओढीसाठी गुडघे दुमडत बोटीच्या मागच्या टोकाकडे सरकतात, आणि सातशे किलोंची माणसे मागे सरकली, की शंभर किलोंची बोट त्यांच्याखालून पुढे निसटते. म्हणजे माणसे विसावा घेतल्यासारखी दिसतात तेव्हाच बोट पळत असते. पण त्यातल्या एखाद्याने घाई केली आणि इतरांआधी सरकून टोकावर आदळला, तर तो धक्का उलट्या दिशेने बोटीला बसतो आणि मिळवलेला वेग जातो. म्हणून कॉक्स सतत ओरडत असतो तो “जोर लावा” म्हणून नव्हे. बऱ्याचदा तो “सावकाश, सावकाश” असेच सांगत असतो. चांगल्या तबलजीला तिहाईआधीची जागा मोकळी सोडता यावी लागते, तसेच काहीसे हे आहे, आणि ते आठ जणांना एकाच वेळी यावे लागते.

चीनची बोट ५ मिनिटे ४०.१७ सेकंदांत पोहोचली आणि भारताची ५ मिनिटे ४३.०१ सेकंदांत. भाच्याने टाळ्या वाजवल्या, मग विचारले, “कॉक्सलापण मेडल?” त्यालापण, मी म्हणालो. “काहीच न करता?” या प्रश्नाकडे मी दुर्लक्ष केले आणि कागद शोधू लागलो. हाताशी मंडळाच्या वर्गणीची पावती होती. तिच्या कोऱ्या बाजूवर मी हिशेब मांडला.

शर्यत २००० मीटरची. फरक २.८४ सेकंदांचा. भारतीय बोटीच्या सरासरी वेगाने तेवढ्या वेळात सुमारे साडेसोळा मीटर कापले जातात, म्हणजे जेमतेम एका बोटीची लांबी. आता मिनिटाला साधारण ३८ वल्ही धरली, तर पावणेसहा मिनिटांत सुमारे २१७ वल्ही होतात. साडेसोळा मीटरांना २१७ ने भागले तर येतात साडेसात सेंटिमीटर. मी माझा हात पावतीवर ठेवून पाहिला. अंगठा सोडून उरलेली चार बोटे एकमेकांना चिकटवली, की त्यांची रुंदी तेवढीच भरते. म्हणजे दर वल्ह्यामागे चीनची बोट आपल्यापेक्षा चार बोटे जास्त सरकली, आणि हे २१७ वेळा घडले. आपली बोट चार बोटांनी मागे राहिली, हे वाक्य मराठीतच बोलता येते, याचा मला त्या सकाळी विनाकारण आनंद झाला.

मग पावतीवर जागा उरली होती म्हणून मी २०१८ चाही हिशेब केला. त्या वर्षी इंडोनेशियात पालेंबांगच्या जकाबारिंग तलावावर २४ ऑगस्ट रोजी स्वर्ण सिंग, दत्तू भोकनळ, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांनी चौघांच्या क्वाड्रपल स्कल्समध्ये सुवर्ण मिळवले होते. त्यांची वेळ ६ मिनिटे १७.१३ सेकंद आणि दुसऱ्या आलेल्या यजमानांची ६ मिनिटे २०.५८. तिथेही उत्तर आले आठ सेंटिमीटर. पुन्हा चार बोटेच, फक्त ती आपल्या बाजूची.

दत्तू भोकनळ हे नाव आले, की पुण्यात विषय खडकीकडे वळतो. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा मुलगा. गाव दुष्काळी, वडिलांबरोबर विहिरी खोदायचे काम त्याने केलेले. त्यांच्या पश्चात तो लष्करात भरती झाला, खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये आला आणि तिथे त्याच्या हाती वल्हे पडले. पुढे २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत त्याने तेरावा क्रमांक मिळवला. पाणी शोधण्यासाठी जमिनीत खाली जाणारा मुलगा पाण्यावरून जगभर गेला, असे तेव्हा सगळ्यांनी लिहिले. ते लिहायला फार सोपे होते, आणि मीही मित्रांना तसेच सांगितले आहे. परंतु मला त्याच्याविषयी जास्त कुतूहल वाटते ते २०१८ च्या त्या दोन दिवसांचे. सुवर्णाच्या आदल्या दिवशी, अंगात आजारपण असताना, एकेरीच्या अंतिम फेरीत तो पार मागे पडला होता. एका रात्रीनंतर तोच माणूस चौघांच्या बोटीत दुसऱ्याच्या लयीला लय लावून बसतो. एकट्याच्या बोटीत आपली लय आपणच ठरवायची असते. चौघांत ती समोरच्या पाठीवरून वाचायची असते. आदल्या दिवशी जी लय मोडली होती ती विसरून दुसऱ्याची उचलायची, ही गोष्ट दंडाच्या ताकदीची नाही.

मुंबई-पुणे रस्त्यावरून जाताना दापोडीला लष्कराच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगची लांबच लांब भिंत लागते. तिच्या आत वल्हवण्यासाठी बांधलेला सरळ पाण्याचा पट्टा आहे आणि लष्कराचे रोइंग केंद्रही तिथलेच. टोकियोला गेलेले अर्जुनलाल आणि अरविंद तिथे घडले, २०२४ मध्ये पॅरिसला गेलेला बलराज पंवारही तिथलाच. राजस्थान, हरियाणा, पंजाब अशा भागांतील ही मुले, ज्यांच्या गावांत नदी असेल तर पावसाळ्यापुरती, ती पुण्यात येऊन वल्हवायला शिकतात. आणि आम्ही पुणेकर त्या भिंतीशेजारी सिग्नलला उभे राहून रहदारीला शिव्या देतो. आमच्याकडे १८६८ सालचा रॉयल कॅनॉट बोट क्लब आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयाचा १९२८ सालचा बोट क्लब आहे आणि त्याचा रेगाटा आहे, जिथे मुले अंधारात दिवे घेऊन होड्यांची नक्षी काढतात. बोट क्लब रोड तर प्रत्येक रिक्षावाल्याला ठाऊक आहे. बंडगार्डनच्या बंधाऱ्याने अडवलेले पाणी आहे म्हणून हे सगळे चालले. मात्र त्या पाण्यावर आता वर्षातले कित्येक महिने जलपर्णीचा हिरवा गालिचा असतो, आणि नावाड्यांना सराव करण्याआधी वाट साफ करावी लागते.

पाण्याच्या या खेळात पाणीच नाहीसे होण्याचे आपल्याकडे एक मोठे उदाहरण आहे. आशियाई खेळांत रोइंगचा समावेश पहिल्यांदा झाला तो १९८२ मध्ये, दिल्लीच्या खेळांत, आणि त्या शर्यती झाल्या जयपूरजवळच्या रामगढ तलावावर. तो तलाव पुढे कोरडा पडला. आशियाई खेळांतली पहिली रोइंगची पदके जिथे दिली गेली तिथे गुरे चरू लागली. त्याच राजस्थानातल्या सीकरकडचा बजरंगलाल ताखर हा २०१० मध्ये ग्वांगचौला भारताचे या खेळातले पहिले आशियाई सुवर्ण घेऊन आला, हा योगायोग मला नेहमी खिन्नही करतो आणि हसवतोही.

सोमवारी, २५ सप्टेंबरला, भाचा शाळेत गेला आणि मी कचेरीत उशिरा जाण्याची सवलत घेतली. त्या दिवशी बलराज एकेरीत चौथा आला. चौथा आलेल्या माणसाविषयी कोणीच काही लिहीत नाही, आणि मीही इथे एका ओळीपेक्षा जास्त लिहिलेले नाही. क्वाड्रपलमध्ये सतनाम सिंग, परमिंदर सिंग, जाकर खान आणि २०१८ च्या सुवर्णातला तोच सुखमीत सिंग यांना कांस्य मिळाले. परंतु मला पाहायची होती ती चौघांची, प्रत्येकी एक वल्ह्याची, कॉक्स नसलेली शर्यत. कारण त्या बोटीत होते जसविंदर, भीम, पुनीत आणि आशिष. आदल्या दिवशी आठांच्या बोटीत दोन हजार मीटर ओढलेले हेच चौघे. काल कॉक्स होता, आज सुकाणू त्यांच्यापैकीच एकाच्या बुटाला जोडलेले आणि मागे वळून बघणेही ज्याचे त्याने.

उझबेकिस्तानची बोट बरीच पुढे निघून गेली. ६ मिनिटे ४.९६ सेकंद. त्यामागे चीन आणि भारत शेवटपर्यंत शेजारी शेजारी होते. चीन ६ मिनिटे १०.०४ आणि भारत ६ मिनिटे १०.८१. भारताला कांस्य. शर्यत संपल्यावर चौघेही आपापल्या वल्ह्यावर वाकून पडले होते आणि बोट कोणी न वल्हवता तशीच थोडी पुढे जात राहिली.

संध्याकाळी मी भाच्याला फोन केला. रविवारची पावती त्यानेच दप्तरात घालून नेली होती, त्यामुळे हिशेब त्यालाच करायला सांगितला. ताईच्या कॅल्क्युलेटरवर त्याने तो तीनदा केला. शून्य पूर्णांक ७७ सेकंद, म्हणजे सव्वाचार मीटरच्या आत. मिनिटाला ३७ धरून सुमारे २२८ वल्ही. भागाकार एक पूर्णांक आठ सेंटिमीटर.

“म्हणजे किती बोटं, मामा?”

“एक. बघ मोजून पट्टीनं.”

पट्टी शोधण्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच आले नाही. मी इकडे माझ्या तर्जनीवर पट्टी ठेवली होती आणि ती जवळजवळ बरोबर एक पूर्णांक आठ भरत होती.

“नाही मामा,” तो म्हणाला. “माझं बोट बारीक आहे. माझ्या बोटानं दीड होतं.”